गुडघ्यातला कोन चालण्यातून घडतो

चार वर्षांचे मूल उभे राहिले की त्याचे गुडघे एकमेकांना टेकतात आणि घोटे मात्र दूर राहतात, हे लक्षात आल्यावर घरात काळजी सुरू होते. कोणी खास बूट सुचवतो, कोणी हाडे सरळ करणारे तेल आणून देतो. या साऱ्यामागे, निरोगी पाय खुब्यापासून घोट्यापर्यंत काठीसारखा सरळ असला पाहिजे, अशी समजूत असते. प्रत्यक्षात मांडीचे हाड आणि नडगीचे हाड एका रेषेत नसतात, आणि त्यांनी तसे असूही नये.

खुर्चीवर बसून गुडघा काटकोनात वाकवला, तर या सांध्याच्या खुणा बोटांनी चाचपता येतात. समोर वाटी असते. तिच्या खालच्या टोकापासून एक जाड पट्टा उतरतो आणि नडगीच्या वरच्या भागातील उंचवट्यात रुततो. या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना जे खळगे लागतात, तिथे मांडीचे आणि नडगीचे हाड एकमेकांना भिडते. बाहेरच्या बाजूला थोडे खाली लागणारी गाठ म्हणजे नडगीशेजारच्या बारीक हाडाचे डोके. ते गुडघ्याच्या सांध्यात सामीलच नसते.

आता मुख्य मुद्दा. मांडीच्या हाडाचा लांब दांडा आणि खुब्यात बसणारा त्याचा गोळा यांच्यामध्ये तिरकी मान असते. त्यामुळे दांड्याचे वरचे टोक शरीराच्या मध्यापासून बरेच बाहेर राहते आणि तिथून दांडा आत झुकत गुडघ्याकडे उतरतो. भाराची रेषा मात्र दांड्यातून जात नाही. ती गोळ्याच्या केंद्रापासून घोट्याच्या केंद्रापर्यंत काढायची असते, आणि सुस्थितीतल्या पायात ती गुडघ्याच्या मध्याजवळून, किंचित आतल्या बाजूने जाते. पाय जुळवून उभे राहिल्यास ही रेषा लंबापासून सुमारे ३ अंश कललेली असते आणि दांडा या रेषेपासून आणखी सुमारे ६ अंश, म्हणजेच लंबापासून साधारण ९ अंश. सांध्याची पातळी भाररेषेला काटकोनात असती, तर तीही ३ अंश तिरकी झाली असती. पण मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची भिडणारी टोके तेवढाच उलटा कल घेऊन बनलेली असल्यामुळे ती जमिनीला जवळजवळ समांतर राहते. हे आकडे सरासरीचे आहेत; व्यक्तीगणिक त्यांत थोडा फरक पडतो.

दांड्याच्या या झुकावामुळे पाऊल शरीराच्या मध्याखाली पडते. चालताना दर पावलाला काही क्षण आपण एकाच पायावर असतो, आणि पाऊल दूर पडले असते तर प्रत्येक वेळी धड त्या बाजूला झोकावे लागले असते. चिंपांझी दोन पायांवर चालतो तेव्हा नेमका असाच डोलतो, कारण त्याच्या मांडीचे हाड जवळजवळ सरळ खाली उतरते. १९७३ साली इथिओपियातील हदार येथे मानवशास्त्रज्ञ डोनाल्ड जोहान्सन यांना सुमारे ३४ लाख वर्षांपूर्वीच्या गुडघ्याची हाडे सापडली. कवटी नव्हती, पाऊल नव्हते. तरी त्या हाडांमधल्या कोनावरून हा प्राणी दोन पायांवर चालत असावा, असा निष्कर्ष काढता आला. ‘ल्युसी’ नावाने प्रसिद्ध झालेला मानवाच्या प्राचीन नातलगाचा सांगाडा त्यानंतरच्या वर्षी मिळाला.

मला याहून अधिक विलक्षण वाटते ती गोष्ट निराळी आहे. नवजात बाळाच्या मांडीच्या हाडात हा कोन जवळजवळ शून्य असतो. मूल उभे राहून चालू लागले की भार पडतो, त्या भाराला हाडाच्या खालच्या टोकाजवळची वाढीची कूर्चा प्रतिसाद देते, आतल्या बाजूला हाडाची भर अधिक पडते आणि दांडा हळूहळू कलतो. जी मुले आजारामुळे कधीच चालू शकत नाहीत, त्यांच्यात हा कोन तयार होत नाही. उलट, वाटी ज्या खाचेतून सरकते तिची बाहेरची उंच कड गर्भातच दिसते. मांडीचे स्नायू तिरके असल्याने वाटीला बाहेर ओढतात आणि ही कड तिला अडवते. म्हणजे ओढ निर्माण करणारा कोन प्रत्येक मुलाला चालून घडवावा लागतो, पण त्या ओढीवरचा बंदोबस्त जन्मतःच तयार असतो.

पाय बाहेरून कसे दिसतात, त्याचाही ठरलेला क्रम आहे. बाळाचे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असतात, दीड-दोन वर्षांच्या सुमारास ते सरळ दिसतात, तीन-चार वर्षांच्या वयात गुडघे सर्वाधिक आत येतात आणि सात-आठ वर्षांपर्यंत प्रौढांसारखी ठेवण येते. हे आपोआप घडत असल्यामुळे मधल्या काळात केलेला कोणताही उपाय यशस्वी वाटतो आणि तेलाच्या बाटलीला फुकटचे श्रेय मिळते. मालिशीने बाळाला बरे वाटत असेल, पण त्वचेवरून हाडाचा कोन बदलत नाही. मात्र वाकडेपणा एकाच पायात असेल, दोन वर्षांनंतरही बाहेरचा बाक वाढत असेल किंवा मुलाची उंची खुंटली असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होणारा मुडदूस हे त्याचे एक कारण असू शकते आणि त्यावर उपचार आहेत.