काळं बदक नव्हे, वारकरी

हिवाळ्यात पहाटे मुंबईहून निघालेली मंडळी चापडगावच्या पक्षीनिरीक्षण मनोऱ्यावर चढली, की नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्याकडे बघून हमखास म्हणतात, "बापरे, किती काळी बदकं!" ती बदकं नसतात, ते वारकरी असतात.

वारकरी, म्हणजेच चांदवा, हा पाणकोंबडीच्या घराण्यातला. अंगानं काळा, चोच पांढरी आणि चोचीपासून कपाळावर चढलेला पांढरा टिळा. नाव शोभतं त्याला! बदकाची चोच चपटी, वारकऱ्याची कोंबडीसारखी निमुळती. लांबून चोच दिसत नसेल तर मान बघा. पोहताना वारकरी ती सारखी पुढे-मागे हलवतो, बदक बहुतेक वेळा स्थिर तरंगत जातं.

खरी गंमत पायांत आहे. बदकाची पुढची तीन बोटं पडद्यानं जोडलेली असतात. वारकऱ्याची सगळी बोटं सुटी, प्रत्येकाला पानासारख्या झालरी. म्हणून तो पोहतो आणि चिखलातही आरामात चालतो. उडताना मात्र पाण्यावर फटफट पाय मारत लांबवर धावतो. तलवार बदक, थापट्या ही बदकं थेट उसळी मारून हवेत जातात. पण एवढ्यावर विसंबू नका, बुडी मारणारी बदकंही अशीच धावत उडतात.

मग वारकरी आणि बदकं इतकी चिकटून का दिसतात? गोदावरी-कादवा संगमाजवळच्या बंधाऱ्यामागे गाळ साचून पाणी उथळ झालं आणि पाणवनस्पती माजल्या, हे एक कारण. दुसरं कारण जरा चोरटं आहे. वारकरी बुडी मारून तळाची वनस्पती वर आणतो आणि शेजारी टपलेलं गडवाल बदक तीच पळवतं. आयतं जेवण! दुर्बीण स्थिर धरून एकाच वारकऱ्यावर नजर ठेवलीत, तर ही चोरी बघायला मिळू शकते.

पाहुणा कोण, हाही फरक आहेच. तलवार बदकं, थापटे हिमालयापलीकडून येतात आणि उन्हाळ्याआधी परततात. वारकरी आपल्याकडे वर्षभर राहतात, वीणही करतात. थंडीत उत्तरेकडचे भाऊबंद येऊन मिळतात, तेव्हा पाणी काळं दिसतं.

हे तळं १९८६ पासून अभयारण्य आहे, २०२० मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. रामसरचा एक निकष वीस हजार पाणपक्ष्यांचा, आणि त्यात वारकरीही मोजला जातो. फक्त गणनेच्या तक्त्यात त्याला बदकांच्या रकान्यात टाकू नका.