सवलत दिव्याला मिळाली, पंख्याला नाही

२२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, एसी, मोठे टीव्ही आणि डिशवॉशर यांच्यावरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. फ्रिज आणि वॉशिंग मशीन २०१८ च्या जुलैपासूनच १८ टक्क्यांत आहेत. २०२५ मध्ये गणपती २७ ऑगस्टला आले, त्यामुळे कोकणातली सणाची खरेदी या कपातीआधीच उरकली होती. पण हळहळ वाटावी अशी गोष्ट दुसरीच आहे. कर कमी करताना यंत्र वीज किती खातं हे पाहिलंच गेलं नाही. वन स्टार एसीवर जेवढा कर, तेवढाच फाइव्ह स्टारवर.

कमी वीज खाणाऱ्या वस्तूला सरकारने वेगळी सवलत द्यावी की नाही, हा प्रश्न जुना आहे. कोकणाने तो सगळ्यात आधी विचारायला हवा, कारण राज्याच्या विजेचा भार या पट्टीने पिढ्यान्‌पिढ्या वाहिला आहे. १९१५ मध्ये टाटांची जलवीज खोपोलीहून मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून चिपळूण तालुक्यातल्या पोफळीला उतरतं आणि १९६०च्या दशकापासून राज्याला वीज देतं. गुहागर तालुक्यातला दाभोळचा एन्रॉन प्रकल्प १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये त्याची वीज परवडत नाही म्हणून राज्य वीज मंडळाने ती घेणं थांबवलं. जयगडला कोळशावरचं १,२०० मेगावॉटचं केंद्र आहे. राजापूरजवळ जैतापूरला ९,९०० मेगावॉटचा अणुप्रकल्प ठरला, आणि त्यावरून माडबन, साखरी नाट्याच्या लोकांनी जे सोसलं ते सर्वांना ठाऊक आहे. घरोघरी वाचलेल्या विजेमुळे एखादं नवं केंद्र टळणार असेल, तर ते बहुधा आपल्याच किनाऱ्यावरचं असेल.

घरातल्या बचतीला करात सूट देण्याची पद्धत गाजली ती अमेरिकेत. १९७३ च्या तेलटंचाईने हादरलेल्या त्या देशाने १९७८ मध्ये कायदा केला. घराला उष्णतारोधक आवरण घालण्यासारख्या कामांच्या पहिल्या २,००० डॉलर खर्चावर १५ टक्के, म्हणजे जास्तीत जास्त ३०० डॉलर, प्राप्तिकरातून वजा होऊ लागले. १९९२ मध्ये कमी वीज खाणाऱ्या वस्तूंवर ‘एनर्जी स्टार’ची खूण आली. २००९ च्या मंदीत जुनी उपकरणं बदलण्यासाठी ३० कोटी डॉलर राज्यांना वाटले गेले. २०२२ च्या कायद्याने ३० टक्के करसूट दिली, आणि २०२५ च्या नव्या कायद्याने ती त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला बंद केली. सरकार बदललं की सूट येते आणि जाते, असा त्यांचा अनुभव आहे.

आपल्याकडे तो रस्ता धरला गेला नाही, आणि ते बरंच झालं. जो प्राप्तिकर भरतो त्यालाच करसूट मिळते. मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरवर ज्या गावांनी दिवस काढले, तिथे तिचा उपयोग किती जणांना झाला असता? भारताने आधी खूण आणली. २००१ मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा झाला, मार्च २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो स्थापन झाला, आणि मे २००६ पासून वस्तूंवर स्टारचं लेबल लागू लागलं. सुरुवातीला ते ऐच्छिक होतं. २०१० पासून एसी, फ्रॉस्ट-फ्री फ्रिज आणि ट्यूबलाइटवर ते सक्तीचं झालं. सीलिंग फॅनला मात्र ही सक्ती लागायला २०२३ उजाडलं.

पैशाची सवलत आली ती दिव्यासाठी. २००९ च्या ‘बचत लॅम्प योजने’त साधा बल्ब परत केला की १५ रुपयांत सीएफएल, म्हणजे कमी वीज खाणारा छोटा ट्यूबदिवा, मिळे. फरकाची रक्कम जागतिक बाजारात कार्बन क्रेडिट, म्हणजे टाळलेल्या कार्बन प्रदूषणाची प्रमाणपत्रं, विकून भरून काढायची होती. त्या क्रेडिटचे भाव कोसळले आणि योजनेचा आधारच गेला. मग ५ जानेवारी २०१५ ला एलईडीची योजना आली, तीच पुढे ‘उजाला’ झाली. तिची मांडणी मला आजही फार शहाणपणाची वाटते. तिच्यात सरकारने किमतीवर अनुदान दिलं नाही. ईईएसएल या सरकारी कंपनीने कोट्यवधी दिवे एकदम खरेदी केले, त्यामुळे २०१४ च्या सुरुवातीला ३१० रुपयांना पडणारा दिवा दोन-अडीच वर्षांत ४० रुपयांच्या खाली आला. ग्राहकाने आधी दहा रुपये द्यायचे आणि उरलेले वीजबिलातून हप्त्याने. ६० वॉटच्या पिवळ्या बल्बच्या जागी ७ किंवा ९ वॉटचा दिवा लागला. देशभरात असे सुमारे ३६ कोटी ८७ लाख दिवे वाटले गेले. पडवीपासून गोठ्यापर्यंत सगळीकडे तो पोचला, कारण मिळवायला वीजबिल पुरत होतं आणि खिशाला तो जड नव्हता.

पंख्याचं नशीब असं नव्हतं. त्याच योजनेतून फाइव्ह स्टार पंखेही विकले, पण जेमतेम साडेतेवीस लाख. कोकणात खरी वीज जाते ती इथे. दमट हवेत पंखा हिवाळ्यातल्या थोड्या रात्री सोडल्या तर वर्षभर फिरतो. जुना पंखा ७५ वॉट घेतो, बीएलडीसी या नव्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा साधारण ३०. दिवसाला १५ तास धरले तर ४५ वॉटच्या फरकाने पाऊण युनिटाच्या आसपास वाचतं, ३०० दिवसांत सुमारे २०० युनिट, आणि हे एका पंख्याचं. ज्यांचं बिल १०० युनिटांच्या काठावर असतं, त्यांना पुढच्या महाग टप्प्यात जाण्यापासून तेवढीच बचत वाचवू शकते. अडचण आहे ती सुरुवातीच्या किमतीची. साध्या पंख्यापेक्षा हजारभर रुपये जास्त एकदम मोजायचे, तेही घरातल्या तीन-चार पंख्यांसाठी, आणि हप्ता बिलातून फेडायची सोय नाही.

मुंबईत चित्र वेगळं आहे, आणि ते मला खटकतं. राज्य वीज नियामक आयोगाने २०१० मध्ये मागणी व्यवस्थापनाचे, म्हणजे वीज कंपन्यांनी ग्राहकांचा विजेचा वापर कमी करण्याचे, नियम केले. त्यानंतर टाटा पॉवरसारख्या तिथल्या कंपन्यांनी जुना पंखा, फ्रिज किंवा एसी घेऊन फाइव्ह स्टार नवा सवलतीत देण्याच्या योजना चालवल्या. म्हणजे चाकरमान्याला मुंबईतल्या खोलीत जी सवलत मिळू शकते, ती त्याच्या आईला गावच्या घरात नाही. गावाला वीज महावितरण देतं. विखुरलेल्या वाड्यांतून जुने पंखे गोळा करणं मुंबईइतकं सोपं नाही हे खरं, पण दिवे पोचवता आले होते.

आता सगळा भर छपरावरच्या सौर विजेवर आहे. फेब्रुवारी २०२४ पासूनच्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत २ किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटला ३०,००० रुपये आणि ३ किलोवॉट किंवा अधिकसाठी ७८,००० रुपये केंद्राकडून मिळतात. उपकरणांना कधी मिळाली नाही एवढी ही मदत आहे. पण कोकणी घर तिच्यात सहज बसत नाही. उतरत्या कौलांवर पॅनेल बसवणं अवघड, वर माड-फणसांची सावली, आणि ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडची छपरं कशी उडाली ते लोकांनी पाहिलं आहे. त्याहून मोठा अडसर कागदाचा. मीटर अजून आजोबांच्या नावावर, घर सामाईक, सातबाऱ्यावर डझनभर नावं, त्यातली निम्मी मुंबई-पुण्यात. अनुदान मिळतं ते वीजजोडणी ज्याच्या नावावर आहे त्याला, आणि तो हयात नसतो.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ईईएसएलने देशात १ कोटी कमी विजेचे पंखे आणि २० लाख इंडक्शन शेगड्या पोचवण्याचा कार्यक्रम जाहीर केला. या पंख्यांचे पैसे दिव्यांप्रमाणे वीजबिलातून फेडायची सोय झाली, तर तिथेही ग्राहकाच्या नावाचा प्रश्न येईलच. म्हणून मीटरवरचं नाव बदलण्याचा अर्ज आत्ताच करावा. मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती लागते. भावकी एरवी विखुरलेली असते, त्यामुळे सह्या गोळा करायला गणपतीचे दिवसच सोयीचे.