देवमाशाच्या डोक्यातला उजेड

स्पर्म व्हेल या देवमाशाचं डोकं म्हणजे शरीराचा जवळजवळ एक तृतीयांश भाग, आणि त्यात मेंदूपेक्षा कितीतरी जास्त जागा तेलाला. मोठ्या नराच्या डोक्यात हजार-दीड हजार लिटरचा साठा सहज निघे. जिवंतपणी पातळ असणारं हे तेल थंड होताच पांढरं, दाट होई. जुन्या खलाशांना ते वीर्य वाटलं, म्हणून नावच पडलं ‘स्पर्मासेटी’.

खरं तर याला तेल म्हणणंच चूक. आपलं खोबरेल किंवा एरंडेल म्हणजे ग्लिसरॉलला जोडलेली मेदाम्लं. स्पर्म व्हेलचं तेल मुख्यतः मेण. ग्लिसरॉल नसल्यामुळे ते दिव्यात जळताना डोळ्यांना झोंबणारा उग्र दर्प येत नसे. शिवाय ते पातळ, त्यामुळे वातीतून भराभर वर चढे. इतर देवमाशांच्या चरबीचं तेल स्वस्त होतं, पण त्याला माशासारखी घाण येई. ते गरिबाच्या दिव्यात.

अमेरिकेतली नॅन्टकेट आणि न्यू बेडफर्ड ही बंदरं देवमाशांच्या शिकारीच्या धंद्यावर गब्बर झाली. जहाजं तीन-तीन, चार-चार वर्षं परतत नसत. डेकवरच विटांची भट्टी असे, तिच्यावरच्या कढयांत चरबी वितळवत. आणि सरपण कसलं, तर तेल निघून उरलेल्या चरबीच्या तुकड्यांचं! किनाऱ्यावरचं काम मात्र सबुरीचं. डोक्यातला माल थंडीत गोठू द्यायचा, मग पिशव्यांत भरून दाबायचा. कडाक्याच्या थंडीतही जे पातळ राहून गळे ते सगळ्यात महाग ‘हिवाळी’ तेल. अमेरिकेतल्या दीपगृहांत हेच तेल जळे. वसंतात पुन्हा दाब, पुन्हा तेल, आणि शेवटी उरलेल्या मेणाच्या मेणबत्त्या.

या मेणबत्त्या इतक्या एकसारख्या जळत की ब्रिटनने 1860 च्या कायद्यात उजेडाचं मापच त्यांच्यावर बेतलं: पौंडाला सहा अशी स्पर्मासेटीची मेणबत्ती, तासाला 120 ग्रेन, म्हणजे सुमारे पावणेआठ ग्रॅम जळणारी.

मग ‘रॉकेलने देवमासे वाचवले’ ही गोष्ट खरी का? अर्धीच. 1850 च्या दशकात अमेरिकेत व्हेलतेल महागलंच होतं आणि टर्पेंटाइन-मद्यार्काचं स्वस्त, पण भडकणारं मिश्रण घरोघरी पोचलं होतं. यादवी युद्धात मद्यार्कावर जबर कर बसला. ती जागा रॉकेलने घेतली. 1859 मध्ये पेनसिल्व्हेनियात एडविन ड्रेकने खणलेल्या विहिरीला खनिज तेल लागलं होतंच. ‘रॉक ऑइल’चं आपण रॉकेल केलं, ते हेच.

दिव्यातून देवमासा सुटला, कढईतून नाही. विसाव्या शतकात स्फोटक भाले आणि इंजिनाच्या बोटी घेऊन माणसाने सुमारे 29 लाख देवमासे मारले. त्यांचं तेल मार्जरिनमध्ये आणि साबणात गेलं, स्पर्म व्हेलचं यंत्रांच्या वंगणात. व्यापारी शिकारीवरची जागतिक बंदी लागू झाली ती 1986 मध्ये, आणि तोवर शहरांतल्या दिव्यांना वीज येऊन कित्येक दशकं लोटली होती.