तगणं वेगळं, पिकणं वेगळं

पाणी कमी पडलं की वनस्पतीकडे एक हमखास तोडगा असतो: पानांवरची रंध्रं मिटून गप्प राहायचं. वाफ बाहेर जात नाही, रोप तगतं. पण कार्बन डायऑक्साइडही याच रंध्रांतून आत येत असतो, तोही थांबतो. मग साखर तयार होत नाही आणि दाणा भरत नाही. रानातल्या झुडपाला हे परवडतं. त्याला पुढचं वर्ष असतं. पिकाकडून मात्र आपल्याला दाणे हवे असतात. म्हणून अवर्षणात टिकणारा वाण घडवताना रोप किती दिवस हिरवं राहिलं, हा प्रश्न दुय्यम ठरतो.

ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ जॉन पॅसिउरा यांनी १९७७ मध्ये हा हिशेब तीन संख्यांच्या गुणाकारात मांडला: पिकाने किती पाणी वापरलं, त्या पाण्यात किती वाढ साधली आणि त्या वाढीतला किती वाटा दाण्यांत गेला. अडचण अशी, की एक संख्या वाढवायला जावं तर बरेचदा दुसरी घसरते.

मुळांचंच पाहा. 'आयआर ६४' हा भाताचा गाजलेला वाण, पण त्याची मुळं वरच्या थरातच पसरतात. फिलिपिन्समधल्या 'किनांदांग पातोंग' या कोरडवाहू भाताची मुळं खोल जातात. या फरकामागचं 'डीआरओ१' हे जनुक जपानी संशोधकांनी ओळखलं आणि २०१३ मध्ये त्याचं काम उलगडून दाखवलं. ते मुळाच्या वाढीचा कोन बदलतं. मूळ आडवं न पसरता खाली वळतं. संकरातून हे जनुक आयआर ६४ मध्ये आणल्यावर पाण्याच्या ताणातही त्याचं उत्पादन बरंच टिकलं.

मग सगळ्याच पिकांना पाणी ओढणारी दमदार मुळं द्यावीत? जिथे पेरणीआधी मुरलेल्या ओलाव्यावरच गहू शेवटपर्यंत काढायचा असतो, तिथे ती घात करू शकतात. रोप कोवळेपणीच भसाभस पाणी ओढतं, पानं जोमदार फुटतात आणि दाणे भरायच्या वेळी जमीन कोरडी पडलेली असते. पॅसिउरा आणि रिचर्ड रिचर्ड्स यांनी इथे उलटी वाट धरली. बियाण्यातून आधी फुटणाऱ्या मुळांमधली मुख्य जलवाहिनी त्यांनी निवड पद्धतीने अरुंद केली, साधारण ६५ मायक्रोमीटरवरून ५५च्या खाली. एवढ्याशा फरकाने काय होणार, असं वाटेल. पण नळीतला प्रवाह व्यासाच्या चौथ्या घातानुसार बदलतो; व्यास एक षष्ठांशाने घटला की प्रवाह जवळपास निम्म्यावर येतो. रोपाला काटकसर करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. सर्वांत कोरड्या ठिकाणी या गव्हाने ३ ते ११ टक्के जास्त धान्य दिलं. पाऊस बरा झालेल्या ठिकाणी तोटाही दिसला नाही, कारण वरची माती ओली असली की खोडाच्या बुडातून फुटणारी दुसरी मुळं कामाला लागतात. या विषयातला मला सर्वांत देखणा वाटणारा प्रयोग हाच.

मक्याचं दुखणं निराळंच. ताण नेमका फुलोऱ्यात आला, तर तुऱ्यातून पराग वेळेवर गळतात, पण कणसाचे केस उशिरा बाहेर येतात. तोवर पराग संपलेले असतात आणि कणीस भुंडं राहतं. मेक्सिकोतल्या आंतरराष्ट्रीय मका व गहू सुधार केंद्राने १९७०च्या दशकापासून कोरड्या हंगामात मका लावून, ऐन फुलोऱ्यात पाणी तोडून, ज्यांच्यात हे अंतर कमी राहतं अशी झाडं पिढ्यान्‌पिढ्या निवडली. पाऊस पडू नये म्हणून देव पाण्यात ठेवणारे शेतीशास्त्रज्ञ अशाच शेतांवर भेटतात.

एकेका गुणाच्या मागे न लागता कोरड्या शेतातलं उत्पादनच थेट मोजायचं, ही रीत भातातही रुजली, आणि तिने एक चमत्कारिक निकाल दिला. 'वंदना' हा ताण सोसणारा वाण आणि 'वे रारेम' हा त्यात कच्चा. दोघांच्या संकरातून आलेल्या शेकडो ओळी, म्हणजे रोपांची वेगवेगळी कुळं, पाण्याविना तपासल्यावर बाराव्या गुणसूत्रावरचा एक तुकडा उत्पादन ठळकपणे वाढवताना दिसला. २००७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. उपयोगी तुकडा आला होता वे रारेमकडून! स्वतःच्या घरी तो निष्प्रभ होता. वंदनाच्या जनुकांची सोबत मिळाल्यावर कामाला लागला. पालक पाहून संकर ठरवणाऱ्यांनी वे रारेमला केव्हाच बाद केलं असतं.