शिन मेगामी तेन्सेई ३ : नॉक्टर्न

‘शिन मेगामी तेन्सेई ३ : नॉक्टर्न’ हा अ‍ॅटलस या जपानी कंपनीने प्लेस्टेशन २ साठी तयार केलेला भूमिकाप्रधान व्हिडिओ गेम आहे. जपानमध्ये तो २० फेब्रुवारी २००३ रोजी, उत्तर अमेरिकेत ऑक्टोबर २००४ मध्ये आणि युरोपात २००५ साली ‘लुसिफर्स कॉल’ या नावाने प्रकाशित झाला. ‘शिन’ म्हणजे खरा, ‘मेगामी’ म्हणजे देवी आणि ‘तेन्सेई’ म्हणजे पुनर्जन्म. जगाच्या अंतानंतर उरलेल्या टोकियोत एक शाळकरी मुलगा अर्धा दैत्य होऊन फिरतो, एवढेच त्याचे कथासूत्र आहे. हा खेळ काळोखा आणि कठीण म्हणून ओळखला जातो, आणि ज्यांना तो आवडतो त्यांना तो नेमका त्याच दोन कारणांसाठी आवडतो. या दोन गोष्टी त्यात वेगळ्या काढता येत नाहीत. नियम जितके निष्ठुर तितकेच ते निःपक्षपाती आहेत, आणि एकाकी जगात हा निःपक्षपातीपणाच खेळाडूचा एकमेव आधार ठरतो.

या मालिकेची सुरुवात १९८७ साली फॅमिकॉम या यंत्रावर झाली. निशितानी आया यांच्या ‘डिजिटल डेव्हिल स्टोरी’ या कादंबऱ्यांवर तो पहिला खेळ बेतलेला होता. शत्रूला मारण्याऐवजी त्याच्याशी बोलणी करून त्याला आपल्या बाजूला वळवायचे, ही कल्पना त्यातच रुजली. पुढे १९९२ आणि १९९४ साली ‘शिन’ या नावाने दोन भाग आले. तिसरा भाग हा क्रमांकित मालिकेतला पहिला त्रिमितीय खेळ, आणि जपानबाहेरच्या बहुतेक खेळाडूंची या मालिकेशी पहिली ओळखही त्यानेच करून दिली. कानेको काझुमा यांनी त्यातील पात्रांची आणि दैत्यांची चित्रे रेखाटली. हाशिनो कात्सुरा यांचा दिग्दर्शनात मोठा वाटा होता. पुढे ‘पर्सोना’ मालिकेच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या भागांमुळे त्यांचे नाव जगभर झाले.

कथेची सुरुवात अगदी साधी आहे. नायक आणि त्याचे दोन वर्गमित्र, चिआकी आणि इसामू, आपल्या शिक्षिका ताकाओ युको यांना भेटायला शिंजुकूच्या रुग्णालयात जातात. रुग्णालय रिकामे आहे. दिवे लागलेले आहेत, पण ना परिचारिका ना रोगी, आणि खेळाडू बराच वेळ एकेका मजल्यावरची दारे उघडून पाहत राहतो. शेवटी गच्चीवर पोहोचल्यावर त्याच्या डोळ्यांदेखत जग संपते. या घटनेला खेळात ‘गर्भधारणा’ अशा अर्थाचे नाव आहे, कारण जुने जग मोडून त्याच्या पोटी नव्या जगाची धारणा होते. ही घटना कोणी थांबवत नाही, थांबवण्याची संधीही मिळत नाही. इतर खेळ ज्या संकटाला टाळण्यात संपतात, ते संकट इथे पहिल्या तासातच येऊन गेलेले असते. शुद्धीवर येतो तेव्हा नायकाच्या अंगात एक किड्यासारखा मागातामा शिरलेला असतो, सर्वांगावर काळ्या, कडांना चकाकणाऱ्या रेषा उमटलेल्या असतात आणि मानेवर शिंग आलेले असते. मागातामा हे मूळचे प्राचीन जपानमधले स्वल्पविरामाच्या आकाराचे मणी. खेळात मात्र ते जिवंत आहेत, आणि कोणता मागातामा धारण केला आहे त्यावर नायकाची शक्ती व त्याची वर्मस्थाने ठरतात.

उरलेले टोकियो आता पृथ्वीवर नाही. जमीन गोलाच्या आतल्या बाजूला वळली आहे, त्यामुळे वर पाहिले तर आभाळाच्या जागी दुसऱ्या बाजूची वाळवंटी जमीन दिसते, आणि मधोमध कागुत्सुची नावाचा तेजोगोल लटकलेला असतो. जपानी पुराणकथेत कागुत्सुची हा अग्निदेव आहे. त्याला जन्म देताना भाजून त्याची आई इझानामी मरण पावते. नव्या जगाला जन्म देणाऱ्या प्रकाशाला हे नाव देण्यात मोठे औचित्य आहे. हा गोल चंद्रासारखा कलेकलेने वाढतो आणि घटतो, आणि तो पूर्ण तेजात असताना दैत्य असे पिसाटलेले असतात की त्यांच्याशी बोलणी करता येत नाहीत. शिबुया, गिन्झा, इकेबुकुरो, असाकुसा ही खरी नावे मात्र तशीच राहतात. गजबजलेल्या शिबुयाच्या जागी काही दुकाने, काही भुते आणि वारा एवढेच उरलेले पाहणे हा या खेळातला एक शांत पण खोल धक्का आहे.

या जगात नवी सृष्टी कशी असावी हे ठरवण्याचा हक्क ज्याच्याकडे ठाम तत्त्व आहे त्याला मिळतो. खेळात या तत्त्वांना ‘कोतोवारी’ म्हणतात. हिकावा हा पंथप्रमुख ‘शिजिमा’ मांडतो, म्हणजे वासना आणि व्यक्तिभेद विरघळून गेलेली निश्चल शांतता. चिआकी ‘योसुगा’ स्वीकारते, जिथे जगण्याचा अधिकार फक्त बलवानांचा असतो. इसामू ‘मुसुबी’कडे वळतो, जिथे प्रत्येकजण आपापल्या जगात एकटा आणि स्वयंपूर्ण असतो. यांपैकी एकही जग राहण्यासारखे नाही, पण प्रत्येक तत्त्वामागची जखम खरी आहे. एकटा पडलेला, छळ सोसलेला इसामू कुणाचीही गरज नसलेले जग मागतो, तेव्हा त्याचे चुकते आहे हे कळूनही त्याला दोष देणे जड जाते. मातीपासून बनलेल्या आणि दैत्यांच्या छळाचे भक्ष्य झालेल्या मानिकिनांची चिआकीच्या हुकमाने कत्तल होते, तो प्रसंग खेळाच्या मध्यावर येतो, आणि खेळाडूने कोणतीही बाजू घेतली तरी ती कत्तल टळत नाही. नायक स्वतः जवळपास काहीच बोलत नाही. मित्रही त्याच्या संघात कधीच येत नाहीत. खेळाडू ज्यांच्यासोबत लढतो ते सगळे दैत्यच असतात.

लढाईचा नियम ‘प्रेस टर्न’ या नावाने ओळखला जातो आणि या खेळाच्या आकर्षणाचे मर्म त्यातच आहे. चौघांचा संघ असेल तर डावाच्या सुरुवातीला पडद्याच्या कोपऱ्यात चार चिन्हे दिसतात आणि प्रत्येक खेळीला त्यातले एक खर्च होते. मात्र शत्रूच्या वर्मावर घाव बसला किंवा एखादा जबर फटका लागला तर पूर्ण चिन्हाऐवजी अर्धेच खर्ची पडते, म्हणजे सगळे जुळून आल्यास चार चिन्हांत आठ खेळ्यांपर्यंत मजल जाते. वार चुकला किंवा निष्प्रभ ठरला तर दोन चिन्हे एकदम जातात, आणि शत्रूने हल्ला परतवला किंवा शोषून घेतला तर उरलेला सगळा डावच हातचा जातो. हाच नियम शत्रूलाही तसाच लागू आहे. संघातल्या एकाचे जरी वर्म उघडे असेल तरी समोरचे दैत्य त्याच्यावरच तुटून पडतात आणि खेळाडूला काही करण्याची संधी मिळण्याआधी निकाल लागतो. भरीला नायक पडला की बाकी तिघे धडधाकट असूनही खेळ संपतो. त्यामुळे इथे बोटांच्या चपळाईला किंवा निव्वळ चिकाटीने वाढवलेल्या लेव्हलला फारशी किंमत नाही; कोण कशाने दुखावतो, कोणाला काय लागत नाही, याची माहिती आणि तिच्याभोवती बांधलेला संघ हेच खरे बळ ठरते.

२००४ साली आलेल्या ‘मानियाक्स’ या सुधारित आवृत्तीतला मातादोर हा या नियमाचा सर्वांत प्रसिद्ध धडा आहे. गिन्झा मागे टाकून इकेबुकुरोकडे जाताना हा बैलझुंजाऱ्याच्या वेषातला सांगाडा वाट अडवतो. लाल कापड फडकवून तो आपली चपळाई एकदम कमाल पातळीला नेतो. आता खेळाडूचा पहिला वार चुकतो आणि दोन चिन्हे विझतात. दुसरा चुकतो आणि उरलेली दोनही विझतात. चौघांचा डाव दोन खेळ्यांत आटोपतो. मग मातादोर वायुशक्तीचा असा मारा करतो की त्यात ज्याचे वर्म सापडते त्याच्यामुळे त्याला आणखी खेळ्या मिळत जातात. पहिल्यांदा इथे बहुतेक जण हरतात आणि हरल्यावर दोष कोणाला द्यावा हे शोधू लागतात. पण नियम तपासून पाहिले की उत्तर समोरच असते. वायुशक्तीला दाद न देणारे दैत्य संघात घ्यायचे, नायकाला तसाच मागातामा धारण करायला लावायचे, आणि मातादोरची चपळाई उतरवणारे मंत्र पुन्हा पुन्हा टाकत राहायचे, कारण या खेळात असे परिणाम आपोआप ओसरत नाहीत, ते उतरवावेच लागतात. अनेक भूमिकाप्रधान खेळांत शक्ती घटवणारे मंत्र शोभेपुरते असतात आणि खेळाडूला त्यांच्याकडे दुर्लक्ष करण्याची सवय लागलेली असते. ती सवय मातादोर मोडतो. मघाशी अशक्य वाटलेला तोच शत्रू लेव्हल फारशी न वाढवता, केवळ तयारी बदलून पडतो. माझ्या मते संपूर्ण खेळातला सर्वांत निखळ आनंद या क्षणात आहे.

संघ बांधण्याचे काम दोन टप्प्यांत चालते. आधी दैत्याशी घासाघीस करायची. तो पैसे मागतो, वस्तू मागतो, तिरकस प्रश्न विचारतो, आणि कधी सगळे घेऊन पळूनही जातो. मग दोन दैत्यांचा संयोग करून तिसरा घडवायचा. दैत्य लढून फार हळू वाढतात, त्यामुळे जीव लावलेल्या सोबत्यालाही कधीतरी या संयोगाच्या हवाली करावेच लागते. मूळ आवृत्तीत नव्या दैत्याला जुन्यांची कोणती कौशल्ये वारशाने मिळणार हे यंत्र स्वतः ठरवीत असे. म्हणून खेळाडू संयोगाचा पडदा उघडून यादी पाहत, मनासारखी नसली तर रद्द करून पुन्हा उघडत, आणि हवी ती चार-पाच कौशल्ये एकत्र येईपर्यंत हा उद्योग दहा-दहा मिनिटे चालू ठेवत. त्या काळी खेळलेल्यांना ही उघडझाप आजही आठवते.

भारतीय वाचकाला या खेळात एक वेगळेच परिचयाचे दालन सापडते. इथे ‘अकुमा’, म्हणजे दैत्य, या एकाच नावाखाली सगळ्या संस्कृतींमधली अमानवी अस्तित्वे येतात, आणि त्यात शिव, विष्णू, गणेश, लक्ष्मी, सरस्वती, काली, गरुड हेही आहेत. या शब्दात निंदेचा हेतू नाही. माणसापलीकडचे ते सगळे अकुमा, मग तो युरोपातला देवदूत असो की जपानी भूत. शिव मिळवण्यासाठी बाली बेटावरच्या रांगदा आणि बारोंग या सनातन प्रतिस्पर्ध्यांचा संयोग करावा लागतो, ही योजना विचारपूर्वक केलेली दिसते. जपानला ही दैवते परकीही नाहीत. बौद्ध धर्माबरोबर गेलेली सरस्वती तिथे बेनझाइतेन म्हणून आणि गणेश कांगितेन म्हणून शतकानुशतके पुजला जातो. नायकाला जपानी भाषेत ‘हितोशुरा’ म्हणतात. त्यातला ‘हितो’ म्हणजे माणूस आणि ‘शुरा’ म्हणजे आपला असुर. अखंड कलहाच्या योनीत अडकलेला जीव हा बौद्ध परंपरेतला असुराचा अर्थ त्या नावाला नेमका चिकटून आहे.

दृश्य आणि संगीत या दोन्हींत संयम आहे. आकृत्या चित्रासारख्या सपाट रंगांच्या, भिंती उजाड आणि चेहरे जवळजवळ निर्विकार ठेवले आहेत. मेगुरो शोजी यांच्या संगीतात लढाईच्या वेळी कर्कश गिटार आणि विकृत केलेले मानवी आवाज येतात; एरवी दीर्घ, मंद सूर मागे वाजत राहतात.

खेळात दोष नाहीत असे नाही. चालता चालता अचानक उद्भवणाऱ्या लढाया काही ठिकाणी अंगावर येतात. प्रगती फक्त ठरावीक टर्मिनलांवरच नोंदवता येते, त्यामुळे एखाद्या क्षुद्र दैत्याचा तत्काळ मृत्यू आणणारा मंत्र नायकाला लागला तर तासाभराची मेहनत वाया जाते. मातादोरकडून हरण्यात न्याय आहे, या मरणात तो नाही. २०२० साली जपानमध्ये आणि मे २०२१ मध्ये जगभर आलेल्या नव्या आवृत्तीत संवादांना आवाज मिळाले, वारशाची कौशल्ये स्वतः निवडता येऊ लागली आणि सौम्य काठिण्याचा एक पर्यायही देण्यात आला. या पर्यायावर काही जुन्या खेळाडूंचा आक्षेप असतो. कथा, शहर आणि त्या तीन तत्त्वांचा झगडा अधिक लोकांपर्यंत पोहोचणे मला स्वागतार्हच वाटते. मात्र प्रेस टर्नचा दंश काढून घेतला तर त्या जगातली भीती केवळ पाहण्यापुरती उरते, हेही खरे आहे.

जानेवारी २००४ मध्ये जपानमध्ये आलेली ‘मानियाक्स’ ही सुधारित आवृत्ती पुढच्या सर्व आवृत्त्यांचा पाया ठरली. मातादोर आणि त्याचे मृत्युरूपी भाईबंद तिच्यातच आले, आणि ‘डेव्हिल मे क्राय’ या दुसऱ्या मालिकेतला दान्तेही पाहुणा म्हणून आला. अमाला नावाचे एक खोल भुयारही याच आवृत्तीने जोडले. त्याच्या पाच पातळ्यांना ‘कल्प’ म्हणतात, आणि तळाशी पोहोचणाऱ्याला सहावा शेवट खुला होतो, ज्यात नायक कोणतेही जग निर्माण न करता सृष्टीच्या चक्राविरुद्धच उभा राहतो. या भुयारात एक दार आहे. रिकाम्या रुग्णालयात पहिल्यांदा सोबत आलेली पिक्सी ही छोटीशी परी, किंवा तिच्यापासून संयोगाने घडत गेलेला दैत्य, अजून संघात असेल तरच ते उघडते. बहुतेक खेळाडूंनी तिला केव्हाच निरोप दिलेला असतो. ज्याने तिला जपले असेल त्याच्या संघात ती पुन्हा पिक्सीच्या रूपात उभी राहते, आकाराने तेवढीच, पण भुयारातल्या कोणत्याही दैत्याला तोंड देऊ शकेल एवढ्या ताकदीची.