फ्रान्सची संसद, बायका आणि 'पारिते' या शब्दाची पार्श्वभूमी

फ्रान्समधे बायकांना मताचा हक्क १९४४ ला मिळाला, १९४५ ला पहिल्या ३३ जणी खासदार झाल्या, आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षं आकडा फारसा हललाच नाही, १९९३ ला सुद्धा कनिष्ठ सभागृहात जेमतेम ६ टक्के.

खरी गाठ १९८२ ची आहे. त्या वर्षी साडेतीन हजारांपेक्षा मोठ्या गावांच्या नगरपालिकांसाठी कायदा झाला की उमेदवारांच्या कुठल्याच यादीत बायका किंवा पुरुष ७५ टक्क्यांवर नकोत. म्हणजे बायकांना निदान पाव वाटा, एवढंच. संसदेत मोठ्या बहुमताने पास झालं, पण कायदे घटनेला धरून आहेत का हे बघणाऱ्या तिथल्या परिषदेने ते रद्द केलं, आणि तेही कोणी त्या कलमाविरुद्ध तक्रार केलेली नसताना, आपणहून. कारण काय तर नागरिक म्हणजे नागरिक, उमेदवारांची वर्गवारी चालणार नाही, राज्यक्रांतीतला १७८९ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा बघा. ज्या जाहीरनाम्यानंतर दीडशे वर्षं बायकांना मतच नव्हतं तोच त्यांच्या आड आणला, हे मला आजही पटत नाही.

यातूनच 'पारिते' म्हणजे समसमान हा शब्द पुढे आला. कोटा म्हटलं की कोर्टात अडकणार, म्हणून मांडणी बदलली, की कोटा हा एखाद्या गटाला दिलेला वाटा असतो, बायका हा गट नाही, त्या निम्मा समाज आहेत. यावर स्त्रीवाद्यांमधेच जोरात भांडणं झाली, काहींना ही पण वर्गवारीच वाटली. शेवटी १९९९ ला घटना बदलली, पण गंमत नाही खरंच, त्या दुरुस्तीत 'पारिते' शब्दच नाही, फक्त 'समान प्रवेश'.

२००० च्या कायद्यात आपल्यासारख्या जागा राखीव नाहीत. नियम एवढाच की निम्म्या उमेदवार बायका हव्यात. यादीवरच्या निवडणुकीत तो मोडला तर यादीच बाद, पण खासदारकीला एका मतदारसंघात एकच उमेदवार, तिथे फक्त पक्षाचं सरकारी अनुदान कापतात. मोठ्या पक्षांनी पैसे सोडले पण तिकिटं दिली नाहीत, दिली तीही बऱ्याचदा पडणाऱ्या जागांवर. २००२ ला १२ टक्के, बस. २०१४ ला कपात बरीच वाढवली, २०१७ ला नव्या पक्षाने निम्म्या बायका उभ्या करून बहुमत मिळवलं तेव्हा एकदम ३८ च्या वर गेलं, मग २०२२ ला ३७, २०२४ ला ३६.