तिरकी रेघ, आडवी रेघ

चवथीच्या आधी आठ दिवस माझी बहीण न्यू जर्सीतला २० वर्षांचा संसार आवरून फोंड्याला कायमची परत आली. सामानाची खोकी जहाजातून आधीच येऊन पडली होती. भाच्याने पहिले खोके उघडले ते आपल्या कॉम्प्युटरचे. एकेक भाग निवडून त्याने स्वतः जोडलेला हा कॉम्प्युटर. पण पिन लावायच्या वेळी त्याचा हात थबकला. शेजारचे काका सांगून गेले होते, "तिकडची वस्तू इकडच्या करंटवर लावलीस तर जळालीच म्हणून समज. आधी ट्रान्सफॉर्मर आण." भावोजींचे म्हणणे, लॅपटॉप दर सुट्टीत चालायचा, हाही चालेल. शेवटी तो माझ्याकडे वळला. "मामा, तूच सांग."

गोव्यात हा प्रश्न घरोघर येतो. कोणाचा भाऊ बोटीवर, कोणाची मुलगी कॅनडात, कोणी लिस्बनला. लिस्बन, लंडन, दुबई इथून आलेल्या वस्तूची चिंता नाही, कारण तिथली वीजही आपल्यासारखीच २३० व्होल्टच्या आसपास आणि ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० झोके घेणारी. अडचण येते ती अमेरिका, कॅनडा आणि जपानकडून येणाऱ्या वस्तूंची. अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. जपानात १०० व्होल्ट, आणि तिथे तर एकाच देशात दोन वारंवारता. टोकियोकडे ५० हर्ट्झ, ओसाकाकडे ६०. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एका शहराने जर्मन जनित्रे आणली, दुसऱ्याने अमेरिकन. तो फरक आजवर मिटलेला नाही.

मी भाच्याला म्हटले, सप्लायवरचे, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यावरचे, लेबल वाच आणि आकड्यांमधली रेघ कशी आहे ते सांग. बहुतेक वेळा उत्तर त्या रेघेतच असते. "११५/२३०" अशी तिरकी रेघ असेल तर दोनांपैकी एक तुम्ही निवडायचे. "१००-२४०" अशी आडवी रेघ असेल तर मधले सगळे चालते. ही रेघ किती महाग पडू शकते ते मी १९९८ च्या सुमारास म्हापशात एका मित्राच्या घरी पाहिले आहे.

दसऱ्याचा दिवस होता. टोरोंटोहून भावाने पाठवलेल्या कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहून झाले, फुले वाहून झाली, आणि मित्राने बटण दाबले. फटाका फुटावा तसा आवाज झाला आणि पाठीमागच्या जाळीतून पांढरा धूर आला. घरभर कुबट, मासळीच्या पाण्यासारखा वास पसरला. मित्राची आई म्हणाली, दिश्ट लागली. संध्याकाळी मीठ-मिरच्या ओवाळूनही झाल्या. दुसऱ्या दिवशी मी तो सप्लाय उघडला. आत वीज साठवणारे, अंगठ्याहून जाड दोन कॅपॅसिटर शेजारी शेजारी उभे होते. एकाचे डोके फुगले होते, तर दुसऱ्याची टोपी उडून आतला कागद आणि अॅल्युमिनियमचा पत्रा रिबिनीसारखा बाहेर लोंबत होता. दोघांच्या अंगावर स्वच्छ छापले होते, २०० व्होल्ट. आणि सप्लायच्या पाठीवर पंख्याशेजारी नखाएवढा एक लाल खटका ११५ वर होता. माणसाच्या नजरेने कॅपॅसिटर फुटत नाही. तो फुटतो मर्यादेपेक्षा जास्त व्होल्टेज सोसावे लागल्यावर.

आता तो खटका आत नेमके काय करतो ते सांगतो. विजेच्या सगळ्या कारागिरीत मला ही सर्वात आवडती गोष्ट आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कॉम्प्युटरचा सप्लाय, म्हणजे आपण ज्याला एसएमपीएस म्हणतो तो, भिंतीतली वीज आधी सरळ करून घेतो. एसी प्रवाह सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे झोके घेतो. डायोड म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग. अशा चार डायोडचा पूल त्याचे मागचे झोके उलटवून सगळे एका दिशेने करतो, आणि कॅपॅसिटर ती वीज मडक्यासारखी साठवतो. २३० हा आकडा एक प्रकारची सरासरी आहे. झोक्याचे टोक त्याच्या १.४१ पट उंच, म्हणजे ३२५ व्होल्टपर्यंत जाते, आणि कॅपॅसिटर भरतो तो त्या टोकापर्यंत. म्हणजे पुढच्या सर्किटला मिळतात ३२५ व्होल्ट डीसी, एकाच दिशेने वाहणारी वीज.

जुन्या घरांतली मडक्यांची उतरंड आठवा. सप्लायमध्ये दोन कॅपॅसिटर असेच एकावर एक जोडलेले असतात. खटका २३० वर असला की प्रत्येक झोका दोन्ही मडकी एकदम भरतो. ३२५ दोघांत वाटले जातात आणि प्रत्येकाच्या वाट्याला येतात १६२. २०० व्होल्टचे मडके ते आरामात सोसते.

अमेरिकेत काय होते? ११५ व्होल्टचे टोक १६३ पर्यंतच पोचते. पुढच्या सर्किटला तर ३२५ च हवेत. इथे तो खटका एकच काम करतो. दोन मडक्यांच्या मधोमध जो जोड आहे, तिथून एक वायर भिंतीतून येणाऱ्या दोन तारांपैकी एकीला जोडतो. एवढेच. पण या एका वायरने सगळा खेळ बदलतो. आता पुढचा झोका फक्त वरचे मडके भरतो, १६३ पर्यंत. मागचा झोका फक्त खालचे भरतो, तेही १६३ पर्यंत. उतरंडीची उंची मात्र दोघांची मिळून मोजायची. १६३ आणि १६३, म्हणजे पुन्हा तेच सव्वातीनशे! चारपैकी दोन डायोड नुसते उभे राहतात. पुढच्या सर्किटला आपण न्यू जर्सीत आहोत की फोंड्यात हे कळतही नाही. ट्रान्सफॉर्मर नाही, जादाचा एकही भाग नाही, फक्त एक वायर जोडली किंवा सोडली. हे सर्किट मी प्रथम कागदावर उतरवून पाहिले तेव्हा रात्री उशिरापर्यंत झोप लागली नव्हती.

आणि म्हणूनच चूक झाली तर ती एवढी आडदांड होते. खटका ११५ वर आणि भिंतीत २३०, म्हणजे प्रत्येक झोका एकेका मडक्यात पूर्ण ३२५ ओततो. २०० सोसणारे मडके, त्यात ३२५. उतरंडीची उंची ६५०. कॅपॅसिटर तापतो, आतल्या द्रवाची वाफ होते, टोपीवर मुद्दाम कोरलेली फुली फाटते. पुढचे ट्रान्झिस्टर, म्हणजे वीज जोडणारे-तोडणारे भाग, शॉर्ट होतात आणि सगळे झाल्यावर फ्यूज उडतो. उलटी चूक मात्र निरुपद्रवी आहे. खटका २३० वर ठेवून अमेरिकेत लावले तर उतरंड अर्धीच भरते आणि कॉम्प्युटर फार तर पंखा हलवून गप्प बसतो. म्हणून असा खटका दिसला, तर पिन लावायच्या आधी तो २३० वर आहे ना ते डोळ्यांनी पाहा. खटका नाही आणि लेबलावर फक्त ११५ असे असेल, तर ती वायर आत कायमची जोडलेली असू शकते. असा सप्लाय इथल्या प्लगात लावू नका.

भाच्याच्या लेबलावर आडवी रेघ होती. "१००-२४०, ५०-६० हर्ट्झ." आताच्या चांगल्या सप्लायमध्ये खटक्याची गरजच उरलेली नाही. तिथे डायोडनंतर एक कॉईल, म्हणजे तारेचे वेटोळे, असते आणि एक ट्रान्झिस्टर ती सेकंदाला हजारो वेळा जोडतो-तोडतो. जोराने वाहणारा नळ झटकन बंद केला की पाईपात धाडकन दणका बसतो ना, तसे कॉईलमधला प्रवाह एकदम थांबवला की तिच्या टोकाशी व्होल्टेज उसळते. ती उसळी एका डायोडमधून कॅपॅसिटरमध्ये पकडायची. उसळी किती घ्यायची ते आतली चिप क्षणोक्षणी ठरवते. भिंतीतून १०० येवोत की २४०, कॅपॅसिटरवर कायम ३८० ते ४०० व्होल्ट. म्हणून अशा सप्लायमध्ये बहुधा एकच मोठा कॅपॅसिटर दिसतो, ४०० ते ४५० व्होल्टचा. ऐन पावसात व्होल्टेज उतरून ट्यूबलाइट लुकलुकते, तेव्हाही हा तग धरतो, आणि वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही.

ही कॉईल मुळात दुसऱ्याच कामासाठी आली. नुसता पूल आणि कॅपॅसिटर असला की सप्लाय झोक्याच्या टोकालाच घोट घोट वीज ओढतो, बाकी वेळ काहीच नाही. लाखो कॉम्प्युटर एकाच क्षणी घोट घेऊ लागले तर तारांवरचा लहरींचा आकार बिघडतो. युरोपात २००१ पासून यावर बंधन आले. प्रवाहाचा आकार व्होल्टेजसारखा असला की पॉवर फॅक्टर, म्हणजे तारांतून येणाऱ्या विजेचा किती भाग खरोखर कामी येतो त्याचे माप, १ च्या जवळ जातो. कॉईल नेमके तेच साधते.

पॉवर फॅक्टरचा विषय निघाला म्हणून सांगतो. प्लगात खोचली की वीज बिल ३०-४० टक्के कमी करते, अशी जाहिरात करून एक डबी विकली जाते. तिच्यात बहुधा एक छोटा कॅपॅसिटर आणि एक एलईडी असतो. आपल्या घरचे मीटर प्रत्यक्ष खर्च झालेली ऊर्जा, म्हणजे युनिट, मोजते. पॉवर फॅक्टर सुधारून घरगुती युनिट कमी होत नाहीत. ही सरळ फसवणूक आहे, आणि शिकलेली माणसे तिला बळी पडतात याचे मला फार वाईट वाटते.

भाच्याने पुढे विचारले, मग हर्ट्झचे काय? कॉम्प्युटरला काही नाही. वीज एकदा सरळ झाली की ५० काय आणि ६० काय. पुढे सप्लाय तिचे पुन्हा बारीक बारीक तुकडे करतो, सेकंदाला ५० हजार ते १ लाख किंवा त्याहून जास्त. वारंवारता जितकी मोठी तितका ट्रान्सफॉर्मर छोटा पुरतो, म्हणूनच तो काड्यापेटीएवढा असतो. लोखंडी ट्रान्सफॉर्मरच्या जुन्या वस्तूंना मात्र फरक पडतो. ६० हर्ट्झसाठी बांधलेल्या गाभ्यात ५० वर चुंबकत्व २० टक्के जास्त भरते आणि तो तापतो. तिकडचे मोटरवाले विजेचे घड्याळ इथे व्होल्टेज उतरवून लावले तरी तासाला १० मिनिटे मागे पडते.

राहिली वायर. अमेरिकेची चपटी पिन इथल्या सॉकेटात बसावी म्हणून बाजारात दोन पायांचा अॅडाप्टर मिळतो. तो वापरू नका. सप्लायच्या तोंडाशी गोंगाट गाळणारे दोन छोटे कॅपॅसिटर असतात, एक फेजपासून पत्र्याच्या पेटीपर्यंत आणि एक न्यूट्रलपासून. पेटी अर्थिंगला जोडलेली नसेल तर ती या दोघांच्या मधोमध तरंगते, म्हणजे जवळजवळ ११५ व्होल्टवर. प्रवाह अगदी किरकोळ असतो, पण पावसाळ्यात ओल आलेल्या लादीवर अनवाणी उभे राहून पेटीला हात लावला की झिणझिण्या येतात. मी भाच्याला मुद्दाम तो अॅडाप्टर लावून टेस्टर पेटीला टेकवायला सांगितले. टेस्टरमधला दिवा मंद लाल पेटला. मग फोंडा बाजारातून आणलेली तीन पिनांची साधी वायर लावली, जी कॉम्प्युटरच्या मागे जशीच्या तशी बसते. टेस्टर विझला. कॉम्प्युटर सुरू झाला.

तेवढ्यात बहिणीने दुसरे खोके आणले, त्यात लेझर प्रिंटर. भाचा उत्साहाने तोही जोडायला निघाला. लेबल वाचले. "१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ." तिरकी नाही, आडवी नाही, रेघच नाही. लेझर प्रिंटरमध्ये शाईची पूड कागदावर वितळवणारा हीटर असतो आणि त्याला भिंतीतली वीज बहुधा थेट जाते. १२० च्या हीटरला २३० दिले तर व्होल्टेज दुपटीहून थोडे कमीच वाढते, पण उष्णता वर्गाच्या प्रमाणात वाढते, साडेतीन पटींहून जास्त. शेजारच्या काकांचा ट्रान्सफॉर्मर इथे खरेच लागला असता. पण हीटर पेलायला तो १,००० वॉटच्या घरातला हवा, चांगलाच जड. बहीण म्हणाली, मग राहू दे. भाच्याने प्रिंटर परत थर्माकोलमध्ये बसवला आणि खोक्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिले, "१२० व्होल्ट. लावू नये."